महादूनं रुमालाखाली घेतलेला गळ

महादू चोपडे गेला, हे सांगणारा फोन आला तेव्हा मी पिंपळगाव राजाच्या स्टँडवर चार माणसांना महादूचीच गोष्ट सांगत होतो. गोष्टीत त्यानं नुकताच म्हशीएवढा मासा काठापर्यंत ओढत आणला होता... फोन ऐकला, खिशात टाकला, आणि खोड मेली अशी की मासा काठावर टेकवूनच घरी निघालो. त्याला महिना होऊन गेला. बूड एका जागी टेकत नाही. ताटावरून उठतो, पेपर उघडतो नि मिटतो, ओसरीत इतक्या चकरा मारल्यात की फरशी झिजून शेजाऱ्याकडं उतार लागलाय. हे लिहितानाही दोनदा उठून आलो.

महादू बैलबाजारातला दलाल. मी निवृत्त शाळामास्तर. शिकवणं सुटलं, थापा सुटल्या नाहीत. बैलाच्या पाठीवर नुसता हात ठेवून महादू त्याच्या पणजोबानं कोणत्या सरकीची ढेप खाल्ली ते सांगायचा. त्याचा धंदा रुमालाखाली चालायचा. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा हात एका रुमालाखाली. तिथंच बोटं दाबून भाव ठरणार, भोवतीच्या गर्दीला पत्ता नाही. आणि एकदा सौदा झाला की भाव कुणाला सांगायचा नाही. "रुमालातलं रुमालातच," एवढंच उत्तर. बायकोलासुद्धा.

बाजार नसला की आम्ही दोघं धरणावर, बांबूचा गळ आणि डबाभर गांडुळं घेऊन. एक दिवस त्यानं मोबाईलवर पिसांच्या माशीनं मासे धरणारे लोक पाहिले आणि माणूस वाया गेला.

"मास्तर, याच्यात गांडूळ नाई, कणीक नाई. कोंबड्याच्या पिसाची माशी बांधतेत, पाण्यावर नाचवतेत, अन् मासा फसते!"

"म्हणजे मासा माशीपायी मरते?"

"मंग? तू नाई का मेला लग्न करून?"

स्वस्तातला एक गळ त्यानं घरपोच मागवला. पहिल्याच फेकीत शेंडा मोडून माशीच्या आधी पाण्यात गेला. तेव्हापासून त्यानं ठरवलं, घ्यायचा तर जातिवंत. आणि जातिवंत नवा घ्यायचा म्हणजे बैलजोडी विकावी लागेल, म्हणून जुना पण अस्सल शोधायचा. शोधता शोधता बुलढाण्यात एक साहेब सापडले. पहाडी मुलखात इंजिनिअर होते, तिकडं असेच मासे धरायचे. आता हात थरथरतात म्हणून सामान विकायचं होतं. आम्ही गेलो.

महादूनं त्या गळाला बैलासारखं तपासलं. चार तुकडे जोडून प्रत्येक सांध्याला कान लावला. कड्यांतून कापूस ओढला. कुठं धागा अडकला नाही. शेंडा वाकवून सोडला नि तो सरळ उभा राहिला तसा खूश झाला. दोऱ्याची गरारी फिरवून तिचा आवाज ऐकला. मग म्हणाला, "चालवून पाह्यतो," आणि अंगणात असा काही दोरा फेकला की वाळत घातलेला साहेबांचा लेंगा शेजारच्या गच्चीवर गेला. साहेब डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. म्हणाले, "इतक्या जणांनी येऊन किंमत विचारली. हातात घेऊन पाहणारे तुम्ही पहिले."

मग महादूनं खांद्यावरचा रुमाल काढला. साहेबांना बोटांचा हिशोब समजावला, एक बोट म्हणजे हजार, आणि दोघांचे हात रुमालाखाली गेले. मी समोर बसून पाहतोय, रुमाल नुसता हलतोय. बराच वेळ हलला. एवढ्या वेळात महादूनं आठवड्याचा बाजार उठवला असता. शेवटी हात बाहेर आले, साहेब महादूच्या तोंडाकडं पाहतायत, महादू गळ बगलेत मारून उभा.

बाहेर विचारलं, "कितीत पाडलं बे?"

"रुमालातलं रुमालातच."

झालं... माझ्यासारख्या माणसाला झाकलेला भाव म्हणजे मोकळं रानच! गावात पोचेपर्यंत माझी गोष्ट तयार होती. थरथरत्या म्हाताऱ्याची बोटं महादूनं कशी मुरगाळली, विलायती गळ कसा बकरीच्या भावात उचलला. दर खेपेला बकरी लहान होत गेली. शेवटी करडू झालं. लोक पोट धरून हसायचे. महादूही तिथंच बसून हसायचा, कोंबड्याच्या पिसांची नि बैलाच्या शेपटीच्या केसांची माशी बांधत.

तेरवीला साहेब आले, मुलीचा हात धरून. मीच त्यांच्या शेजारी बसलो. ते म्हणाले, "मी दोन बोटं दाबली. त्यांनी चार दाबली. मला वाटलं, माझाच हात हलला. मी पुन्हा दोन, ते पुन्हा चार. मग हळूच म्हणाले, साहेब, चांगल्या मालाले भाव कमी देला तं मासे लागत नाईत."

तेव्हा महादूची बायको, इंदूवहिनी, पाणी घेऊन आल्या होत्या. त्यांना विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाई भाऊजी, आजच आयकलं. पन तुमची गोष्ट सारं गाव आयकत होतं. ते आयकून तिघायनं आपले बैल दुसऱ्या दलालाकडं नेले. म्हने, जो म्हाताऱ्याले लुटते तो आपल्याले सोडन का?"

"मग त्यानं मला एकदाही टोकलं काऊन नाही?"

"म्या म्हनलं होतं त्याइले. तं म्हने, राहू दे, मास्तरची गोष्ट मोडन."

वहिनींनी रिकामा पेला उचलला नि आत गेल्या.

आता दर बाजाराला जातो. महादू ज्या लिंबाखाली बसायचा तिथं अजून कोणी दलाल बसत नाही; गुरांच्या वाटेतली ती जागा तशीच मोकळी आहे. तिथं उभा राहून भेटेल त्याला धरतो नि खरं सांगतो. दोन बोटं, चार बोटं. कोणी हसत नाही. "गुरुजी, ते करडूवाली सांगा ना," म्हणतात. मेल्यावर दोस्ताला देव करून राह्यला, असंही माझ्या पाठीमागं म्हणतात. ज्या तोंडानं करडू खपवलं त्या तोंडाचं खरं कोण घेईल?

गेल्या बाजारी एकानं मात्र शेवटपर्यंत ऐकलं. हातात विकायला आणलेल्या बैलाचा कासरा. वहिनी म्हणाल्या त्या तिघांतलाच एक होता, हे मला मागून कळलं. त्यानं त्या मोकळ्या जागेकडं पाहिलं. म्हणाला, "हे आंधीच सांगतलं असतं गुरुजी, तं म्या माहा बैल महादूच्याच हातात देला असता."

आणि कासरा ओढून पुढं गेला.