पूर्ण खाली जाणारी काच

एव्हर्टच्या दफनाआधी पाद्रीबाईंनी सीग्वार्दला फोन केला. "तुम्ही त्यांना ओळखत होता. दोन शब्द सांगाल?" दोघांचं आयुष्य एकाच रस्त्यावर गेलं, पण एव्हर्टला कोणतं गाणं आवडायचं, एवढंही त्याला सांगता आलं नसतं. शेवटी तो म्हणाला, "तो गाड्यांच्या दारांत स्पीकर बसवायचा." ते पाद्रीबाईंना आधीच ठाऊक होतं.

लाकडाची गिरणी बंद पडली तेव्हा एव्हर्ट दोन बोटं तिथंच ठेवून घरी आला आणि मागच्या शेडमध्ये त्यानं हे काम सुरू केलं. शनिवारी गावची पोरं आपल्या, कायद्यानं वेग बांधून दिलेल्या, रखडत चालणाऱ्या गाड्या घेऊन यायची.

"एव्हर्ट, गाणी आधी पोचतात, आम्ही मागून."

"मग गाडी घरी ठेवा, गाणीच पाठवा," तो मान वर न करता म्हणायचा.

जुन्या गाड्यांची दारं पातळ. चांगल्या स्पीकरचं लोहचुंबक मागं इतकं येतं, की खाली उतरणारी काच त्यावर आदळते. एव्हर्ट दाराच्या आत रबराचा तुकडा बसवायचा, काच अर्ध्यावरच थांबायची. इथं हिवाळाभर बर्फ आणि उन्हाळाभर डास; काच खाली करतो कोण? कुणाची कधी तक्रार आली नव्हती.

एव्हर्टच्या मरणाआधीच्या ऑगस्टमध्ये सीग्वार्द आपली जुनी हिरवी गाडी घेऊन आला. त्याच्या बायकोला, गुनहिल्डला, दर आठवड्याला उमेओच्या इस्पितळात न्यावं लागायचं. रस्ता लांबचा, आणि दुखण्याबद्दल बोलणं दोघांनाही जमायचं नाही. गाणी चालू असली की गप्प बसणं सोपं जायचं. पण गाडीतले मूळचे स्पीकर नुसते खरखरायचे.

"शब्द कळले पाहिजेत," सीग्वार्द म्हणाला.

"कळतील. काच मात्र अर्धीच जाईल."

सीग्वार्दनं श्वास आत ओढला. त्या भागात याचा अर्थ हो. परतीच्या वाटेवर गुनहिल्डला उलट्या होतात, हे त्यानं सांगितलं नाही. एव्हर्टनंही काही विचारलं नाही. अर्धी काच पुरेल, असं सीग्वार्दला वाटलं.

नाही पुरली. परतताना तिनं घाईघाईनं काचेची मूठ फिरवली आणि काच तिच्या हनुवटीपाशी अडली. मागं ओंडक्यांचा ट्रक होता, थांबायला जागा नव्हती. सगळं काचेवर आणि तिच्या निळ्या कोटावर आलं. गाण्याचे शब्द अगदी स्वच्छ ऐकू येत होते.

"बंद कर ते," ती म्हणाली, आणि घर येईपर्यंत स्कार्फनं काच पुसत राहिली. पुढच्या खेपेला येणार नाही, असं तिनं अंगणात उतरताना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सीग्वार्द शेडच्या दारात उभा होता. "काच पूर्ण खाली गेली पाहिजे."

"मी सांगितलं होतं, अर्धीच..." एव्हर्टनं गाडीचं दार उघडलं आणि तो थांबला. काचेच्या रबरी कडेत वाळलेलं काहीतरी राहिलं होतं. मग त्यानं कोमट पाणी आणलं आणि आधी ते धुऊन काढलं.

रबराचा तुकडा निघाला, मोठे स्पीकरही निघाले. चपटे स्पीकर घेऊन त्यानं त्यांच्या पाठीला मातीचे गोळे चिकटवले, ते जागी धरून काच खाली-वर केली आणि माती किती खरवडली ते पाहिलं. तेवढ्या जाडीची प्लायवूडची गोल कडी कापून ती दार आणि स्पीकर यांच्यामध्ये बसवली, म्हणजे स्पीकर काचेपासून दूर राहील.

"कडी आत येते. तिच्या गुडघ्याला लागेल."

"लागू दे."

मग एव्हर्ट स्वतः गुनहिल्डच्या जागेवर बसला. मूठ फिरवून काच खाली, वर, पुन्हा खाली. खाली गेली की डोकं बाहेर काढून बघायचा.

गुनहिल्ड पुन्हा गाडीत बसली. गारठा पडू लागला तरी तिच्या बाजूची काच उघडीच असायची. सीग्वार्द कानांवर टोपी ओढून चालवायचा, गाणी चालू असायची. नाताळाच्या आधी ती गेली. एव्हर्ट दफनाला आला, फाटकापाशीच उभा राहिला आणि कॉफीला न थांबता परत गेला.

त्यानंतर सीग्वार्दनं ती काच एकदाही उघडली नाही. मार्चमध्ये पेट्रोल पंपावर एव्हर्ट भेटला. आणखी काही दिवसांनी तो शेडमध्येच मरून पडलेला सापडणार होता. पंपावर मात्र तो हिरव्या गाडीभोवती एक चक्कर मारून आला.

"काच जाते ना खाली?"

"जाते."

"पूर्ण?"

"पूर्ण."