वैभवचा कॉम्प्युटर आणि न संपणारं अपडेट

नांदुऱ्यात माझा कॉम्प्युटर क्लास आहे, आणि सोबत रिपेअरिंगही करते. दसऱ्याला कोणी मशीनवर हळदकुंकू टाकायला लागलं की मी म्हणते, बाई, पंख्यात जाईल, लांबूनच नमस्कार करा. कॉम्प्युटर बिघडतो त्याला कारण असतं, आणि बहुतेक वेळा ते कारण धूळ नाहीतर मालक असतो. या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसते. भूत दिसलं म्हणे... जेवण जास्त झालं असेल. तेव्हा आता माझं वाचून तुम्ही हसलात तरी मी रागावणार नाही.

माझी मोठी बहीण मंगलताई मेहकर तालुक्यातल्या जानेफळला दिलेली. घरी भाऊजी, मुलगा वैभव आणि बारावीतली पूजा. मागच्या हिवाळ्यात वैभव हरभऱ्याला पाणी द्यायला शेतात गेला, ओल्या पायांनी मोटारचा स्टार्टर दाबला आणि तिथेच गेला. नुकतीच विशी ओलांडलेलं पोर. मी यावर जास्त लिहिणार नाही, मला लिहवत नाही.

त्याला कॉम्प्युटरचं वेड माझ्यामुळेच लागलं होतं. मीच त्याला जुने पार्ट जोडून एक मशीन करून दिलं होतं. त्यावर तो एक गेम खेळायचा. मारामारीचा नाही हं, त्यात घर बांधायचं, झाडं लावायची, शेत करायचं. संध्याकाळी तो खेळायला बसला की ताई सूप घेऊन त्याच्या शेजारी बसायची. तूर निवडता निवडता पडद्याकडे बघून हुकूम सोडायची – सैपाकघराले खिडकी पाह्यजे, गोठा घरापासून लांब कर, अंगणात लिंबाचं झाड लाव. ताईचं खरं घर दोन खोल्यांचं, वर टिन. उन्हाळ्यात आत बसवत नाही. त्यामुळे पडद्यावरचं ते घर दोघांनी मोठ्या हौसेनं बांधलं होतं. फोनवर मला म्हणायची, "सुनीता, माह्या घराले आता ओटा बी झाला व." भाऊजी वैतागायचे, पण बघायला तेही मागे येऊन उभे राहायचे.

वैभव गेल्यावर कॉम्प्युटरवर पांढरं कापड टाकून ठेवलेलं. संक्रांत झाल्यावर ताईचा फोन आला. तिचा आवाज अगदी बसलेला. "सुनीता, मले ते घर एकडाव पाह्यचं हाये. पूजानं लावून पाह्यलं, ते उघडूनच नाही राह्यलं." पूजा मागून म्हणाली की ताईनं जेवण जवळपास सोडलंय, दोन घास खाते आणि ताट सरकवते. मी दुसऱ्या दिवशी क्लासला सुट्टी दिली आणि खामगावला गाडी बदलून जानेफळला पोचले.

प्रॉब्लेम साधा वाटला. असे गेम थेट उघडत नाहीत, आधी लाँचर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम उघडतो. तो इंटरनेटवरून स्वतःला अपडेट करतो आणि मग गेम सुरू करायचं बटण दाखवतो. इथे निळी पट्टी भरत भरत शेवटापर्यंत यायची, लाँचर बंद व्हायचा, आपोआप परत उघडायचा आणि पट्टी पुन्हा पहिल्यापासून... हा प्रकार मी अनेकदा दुरुस्त केला आहे. मनात म्हटलं, चहा होईपर्यंत उरकते.

पहिल्यांदा तारीख-वेळ तपासली, बरोबर होती. मग डिस्कमध्ये जागा केली, अँटिव्हायरस बंद केला, अपडेटच्या अर्धवट उतरलेल्या फाइली काढून टाकल्या. लाँचर अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून पाहिला. घरातलं नेट सोडून माझ्या मोबाइलचं लावलं. पट्टी भरायची आणि पुन्हा रिकामी व्हायची.

एकच उपाय उरला होता, सगळं काढून नव्यानं टाकायचं. पण नव्यानं टाकलं की पासवर्ड विचारणार. तो फक्त वैभवला माहीत. बरं, पासवर्ड विसरलो म्हणून सांगावं तर कोड त्याच्या मोबाइलवर जाणार.

"भाऊजी, वैभवचा मोबाइल कुठंय?" मी विचारलं.

भाऊजी दारात बसले होते. म्हणाले, "राखेसंगं पैनगंगेत सोडला ना. मेला त्या वक्ती त्याच्या खिशात होता तो. मयताच्या अंगावरची वस्तू घरात ठेवत नाहीत म्हून..."

"सिम तरी काढून ठेवायचं होतं."

"मले काय मालूम सुनीता, त्याच्यात एवढं असते म्हून."

त्यांच्या जागी गावातल्या कोणीही हेच केलं असतं. पण याचा अर्थ असा होता की त्या मशीनमध्ये वैभवचं जे लॉगिन उघडं राहिलं होतं, तेवढाच एक रस्ता शिल्लक होता. ते घर कंपनीच्या सर्व्हरवर होतं, या डिस्कमध्ये शोधून मिळणारं नव्हतं. माझ्या हातून लॉगिन निघालं असतं तर ताईचं घर कायमचं गेलं असतं.

ताई इतका वेळ माझ्या बाजूला स्टुलावर बसून त्या पट्टीकडे बघत होती. पट्टी भरत आली की पुढे वाकायची, रिकामी झाली की मागे सरायची. मला ते बघवेना. शेवटी ती म्हणाली, "हे मशीनचं काम नोहे सुनीता. त्याचा जीव अडकला हाये. दहाव्याले कावळा बी नाही शिवला, तुले मालूम हाये."

मला माहीत होतं. दहाव्याला मी नदीवर होते. पिंड ठेवला, कावळे झाडावर होते, खाली एकही येईना. मग आपल्याकडे करतात तसं जो तो पुढे होऊन, हात जोडून गेलेल्याला शब्द देऊ लागला. तुझं अमुक करू, तमुक सांभाळू, जीव गुंतवू नको. बराच वेळ झाला, ऊन चढलं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे घरी आले. ताईच्या मनात ते तेव्हापासून रुतून बसलं होतं.

"ताई, कावळ्याचा आणि याचा काय संबंध?" मी जरा चिडूनच म्हणाले.

पण तोपर्यंत भाऊजी उठून आत आले होते. त्यांनी टोपी काढली आणि त्या मॉनिटरसमोर हात जोडून उभे राहिले. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. "वैभव, पूजाले शिकवतो बाप्पा," ते म्हणाले. "तिचं लगन घाईनं नाही करत. तू म्हणे ना, तिले कॉलेजात टाका म्हून? टाकतो. आता नोको अडकू." पट्टी भरली, लाँचर बंद झाला, उघडला आणि पट्टी रिकामी. भाऊजी टोपी घालून गुरांकडे निघून गेले. पूजा शाळेतून यायची होती. खोलीत मी आणि ताईच उरलो.

आता पुढचं मी जसं झालं तसंच लिहिते.

मी ठरवलं, आज पुरे. मशीन नांदुऱ्याला नेऊन निवांत बघू. राउटरची वायर मी स्वतःच्या हातानं मागून उपटली आणि मोबाइलचं नेट बंद केलं. पट्टी शून्यावर थांबली. थोड्या वेळानं नेट नाही असा मेसेज येतो, तो येईपर्यंत थांबावं आणि मशीन बंद करावं, एवढाच माझा विचार. वायर माझ्या हातात होती.

ताई पुढे वाकली. देवाशी बोलतात तसं हळू आवाजात म्हणाली, "येतो मी वैभ्या. जास्त दिवस नाही लावत."

आमच्याकडे बायकाही "येतो"च म्हणतात. अर्थ मला लगेच कळला.

पट्टी हलली.

सरसर गेली नाही, हळूहळू, नेहमीसारखी भरत गेली. शेवटापर्यंत आली. लाँचर बंद झाला... उघडला... आणि गेम सुरू करायचं बटण आलं. मी माझ्या हातातल्या वायरकडे बघत होते. मोबाइल पाहिला, नेट बंदच होतं. सर्व्हरशी बोलल्याशिवाय जो गेम उघडतच नाही, तो ताईनं माझ्याआधीच माऊस धरून ते बटण दाबल्यावर उघडला. ताईला माऊस धरता येतो हेही मला माहीत नव्हतं.

घर होतं. ओटा, खिडकी, लांब केलेला गोठा, सगळं. ताई रडली नाही. तिनं घर फिरून पाहिलं, वैभवनं दाखवलं होतं तसं. लिंबाखाली आली तेव्हा थबकली. तिथे दोन बाजा टाकलेल्या होत्या, शेजारी शेजारी.

"मी तं एकच सांगतली होती," ती म्हणाली.

"त्यानं नंतर टाकली असेल दुसरी," मी म्हणाले.

"हाव. टाकली असंन." आणि ती हसली. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा. मग उठली, हातपाय धुतले आणि मला म्हणाली, "भाकरी टाकतो, जेवून जाय." त्या दिवशी ती पोटभर जेवली.

पुढे सगळे म्हणू लागले, मंगल सावरली. मी रोज फोन करायची. ती पूजाला स्वयंपाक शिकवत होती, कुठल्या डब्यात काय आहे ते दाखवत होती, चांगली लुगडी जावेला देऊन टाकत होती. लोकांना ते शहाणपण वाटलं. मला धडकी भरली. मी तिला बळंच मेहकरला नेऊन सगळ्या तपासण्या करून घेतल्या. डॉक्टर म्हणाले, यांना काही झालेलं नाही. येताना बसमध्ये मी तिला विचारलं, "ताई, तू त्या दिवशी असं का बोललीस?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "काय बोल्लो व मी?" भाऊजींना सांगावं असं खूपदा वाटलं, पण काय सांगणार? मशीननं तुमच्या बायकोचा शब्द ऐकला म्हणून?

उन्हाळ्यात एका दुपारी ताई जेवून आडवी झाली आणि उठली नाही. हार्ट अटॅक, डॉक्टरांनी लिहून दिलं. असं होतं, बायकांचं दुखणं लक्षात येत नाही, हे मी स्वतःला खूप वेळा समजावलं आहे.

तेराव्यानंतर भाऊजींनी मला बाजूला घेतलं. पूजाला स्थळं येऊन राहिली होती. घरात बाई नाही, पोरगी उजवून टाका, असं जो तो सांगत होता. भाऊजींनी विचारलं, "सुनीता, खरं सांग. त्या दिवशी मी गेलो आन् मंग ते चालू झालं. कशानं झालं?"

मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "तुमच्या शब्दानं भाऊजी. तुम्ही पूजाचं बोललात म्हणून."

त्यांनी मान हलवली. सगळी स्थळं परतवून लावली. पूजा आता कॉलेजला जाते. मी बोलले ते खोटं होतं, पण त्याचा मला अभिमान वाटत होता. अगदी परवापर्यंत.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला वायर वगैरे सगळं सांगितलं, ताईचं बोलणं सोडून. तो म्हणाला, मॅडम, आधीच उतरलेलं असेल. मी म्हटलं, मग गेम कसा उघडला? तुमच्यापैकी कोणाला नेमकं कारण माहीत असेल तर मला ते हवं आहे, मनापासून हवं आहे.

कारण काल संध्याकाळी पूजाचा फोन आला. "मावशी, आई अन् दादाचं घर पाह्यचं होतं म्हून लावलं मी कॉम्प्युटर. ते परत अपडेटवरच फिरून राह्यलं."

"बंद कर ते," मी म्हणाले. "हात लावू नको, मी येते."

"बाबा सांगत होते, त्याच्यासमोर बोललं की उघडते. तुनंच सांगतलं ना त्याइले?"

मी विचारलं, "पूजा, तू काही बोललीस का त्याच्यासमोर?"

मागे गुरांच्या घंटांचा आवाज येत होता, भाऊजी त्यांना हाकत होते.

"पूजा?"

"उघडलं मावशी," ती म्हणाली. "आत्ताच उघडलं."

आज पहाटेच्या गाडीनं मी जानेफळला निघाले आहे. हे बसमध्येच लिहिते आहे.