मिठाच्या तुकड्यातला शाळू

वाटणी झाली त्र्याहत्तर साली. मोहोळजवळच्या वस्तीवर विहिरीलगतचं काळंभोर रान गुरप्पाने स्वतःला ठेवलं आणि विधवा भावजयीला, शिवबाईला, ओढ्याकाठचा दोन एकरांचा खारवट तुकडा दिला. वर उपकार केल्याचा आव! उन्हाळ्यात तिथं पांढरं मीठ फुटायचं. लोक त्याला मिठाचा तुकडाच म्हणत.

शिवबाईने शाळू पेरला, तो वीतभर होऊन करपला. गुरप्पा म्हणाला, वैनी, माती वीटभट्टीला देऊन मोकळं होऊ. बाई मोठी हट्टी. तिने तीन सुग्या मागून घेतल्या. तेवढ्यात पीक उभं राहिलं नाही तर माती खुशाल न्या, म्हणाली.

त्या घरात बियाणं धरायचं काम बायकांचं. रीत एकच, चांगल्या रानातली टपोरी कणसं निवडून राखेत घोळून ठेवायची. शिवबाईने तेच टपोरं बी पेरलं होतं, आणि तिथंच चुकलं होतं. विहिरीकाठी लाडात वाढलेलं बी मिठात कशाला तगतंय? पण करपलेल्या रानात फिरताना तिला अगदी पांढऱ्या कोपऱ्यात पंधरा-वीस ताटं हिरवी दिसली. कणसं अंगठ्याएवढी. तिने तेवढीच बियाण्याला धरली.

सासू मायाक्काने कपाळाला हात लावला. असलं किडकिडीत बी कुणी धरतं का, म्हणून बायका फिदीफिदी हसल्या. हसू द्या! पहिल्या सुगीला कोपराच तेवढा पिकला. तिने पुन्हा पांढऱ्यातलंच बी धरलं. दुसऱ्या सुगीला निम्मा तुकडा उभा राहिला. सत्त्याहत्तरच्या माघात सगळा. शाळू कमरेएवढाच होता, पण कणसात दाणा भरला होता.

इकडे गुरप्पाने विहिरीचं मचूळ पाणी उसाला पाजून पाजून काळ्या रानातही मीठ वर आणलं होतं. त्याचा शाळू करपला. तो टोपली घेऊन बांधावर आला आणि सवयीने मोठ्या कणसांकडे वळला.

"ती खायाची," शिवबाई म्हणाली. "बी त्या पांढऱ्या कोपऱ्यातलं न्या. पर भावजी, ह्याला आता मिठाचा तुकडा म्हणायचं न्हाय. शिवबाईचं रान म्हणा."

गुरप्पा पुटपुटला.

"ऐकू न्हाय आलं."

आजूबाजूच्या रानातल्या बायकांनी खुरपी थांबवली. गुरप्पाने टोपली खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "शिवबाईचं रान."