अक्कानं मोजायला लावलेले घास

अक्काचा निरोप आला, "साहेब येत्यात. तू शिकलेला, तुजं ऐकत्याल. ये." शाळेत रजा टाकली, सोलापूरच्या नवी पेठेत तिच्यासाठी इरकली लुगडं घेतलं आणि सकाळची गाडी धरली. कुर्डुवाडीला गाडी बदलायची. पुढं छोट्या रुळांवरची गाडी रमतगमत मोडनिंबला सोडते. जाणार असाल तर भाकरी बांधून न्या, वाटेत चहाशिवाय काही मिळत नाही. मोडनिंबपासून आमची वाडी दोन कोस, तीही पायी.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. घरची सगळी मेंढरं तीच राखते. निम्म्या मेंढ्या गाभण होत्या, आणि हंगामापुरतं जंगलखात्याचे साहेब चराईला दोहोंपैकी एकच रान देणार होते. ओढ्याकडचं कमरेएवढं गवत, नाहीतर माळावरचं बोटभर, पण दाट. रान चुकलं तर आयांना दूध नाही आणि कोकरं हातची जाणार.

साहेबांचा कल ओढ्याकडं, आणि मीही त्यांचीच री ओढली. "उंच गवत घे की अक्का! पोट लवकर भरेल."

"मास्तर, तू भाकरी खातूस का सरपण?" अक्का हसली. मला राग आला, खरं सांगतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर तिनं उपाशी मेंढ्या निम्म्या-निम्म्या दोन्ही रानांत सोडल्या. मला म्हणाली, "घास मोज." उंच गवतात मेंढी एक काडी ओढायची, चघळत उभी राहायची, कुसळ टोचलं की मान झटकायची. माळावर मात्र कराकरा घासामागून घास! मोजता मोजता माझीच दमछाक झाली. पाण्याच्या वेळेला तिनं साहेबांना मेंढ्यांची डावी कूस, जिथं खाल्लेला चारा साठतो ती, चाचपायला लावली. माळावरच्यांची टम्म, ओढ्याकडच्यांची अजून खोल.

"गवात किती हाय ते नगा बगू साहेब. घासात किती येतंय ते बगा."

साहेबांनी लिहिलेलं खोडलं आणि माळ आम्हाला दिला. "बाई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"शिकवतंय कोन? पर ह्यो माजा भाऊ सोलापुरात मास्तर हाय की!"

अरे देवा! चुकलो मी, आणि ही चारचौघांत माझाच तोरा मिरवते. माझे डोळे भरून आले.

आता घरी आहे. धोतरातली कुसळं अजून टोचतात, बायको वेचतेय. इतकी वर्षं कुणी घरचं विचारलं की मी 'शेती' म्हणून वेळ मारून न्यायचो. काल हेडमास्तरांनी रजेचं कारण विचारलं, तेव्हा सगळ्या मास्तरांसमोर खणखणीत सांगितलं, "माझी बहीण मेंढरं राखते. तिच्याकडं शिकायला गेलो होतो."