मेंढरासारखं धरलेलं कुत्रं
ओल्या कुत्र्याचा वास आला, की केडगावचा तो संध्याकाळचा क्लास आठवतो. कुत्र्यांचे केस कापायला शिकत होते मी, या वयात! पहिल्याच दिवशी एक म्हातारं, पांढरं कुत्रं माझ्या हाती दिलं. माहेरी मेंढरं कातरलेली, त्या सवयीनं मी त्याला आडवं पाडलं, पाय गुडघ्याखाली दाबले आणि कात्री चालवली. ते जरासुद्धा हललं नाही. मला वाटलं, वा, हात बसला की! तेवढ्यात शिकवणारी पोरगी धावत आली, "अहो मावशी, मेंढरू हाय का ते? भ्यालंय! मुतलंय बघा!" मी सोडलं तरी ते उठेना, नुसतं थरथरत राहिलं. आता माझ्याकडं केस कापायला आणलेलं एखादं कुत्रं गुमान उभं राहिलं, की मालकीण कौतुकानं म्हणते, "लई शहाणं हाय हो आमचं!" मी मात्र आधी त्याच्या छातीवर हात ठेवून धडधड बघते.