फिटरचे तेरा दिवस

फिटरची तारीख कधी चुकली नाही. कारखान्यात भिंतीवर कॅलेंडर होतं, तरी आम्ही सगळे तारीख त्यालाच विचारायचो. फडक्याला हात पुसत तो वार, तारीख आणि वर "दाजी, अजून एकशेचाळीस दिवस" असं काहीतरी सांगायचा. हे दिवस कसले, ते मला सुरुवातीला कळलं नव्हतं. आपण जन्मल्यापासून इथं आहोत, आपल्याला कोण विचारतंय? त्याला मात्र दर साली सरकारला विचारावं लागायचं, अजून एक वर्ष राहू का म्हणून.

तो बेल्जमचा. कसाही उच्चार करा, मी बेल्जमच म्हणतो. उंच, उन्हानं तांबडा झालेला, पण हात बघाल तर आपल्या माणसाचे. नखात तेल, अंगठ्याला घट्टा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे नवे परदेशी माग आले, ते बसवायला तो आला होता. मी तिथं जॉबर. माग बिघडला की पहिली हाक मला. मी चौथी शिकलेलो, मला इंग्रजी नाही, त्याला मराठी नाही. पण चालू मागापुढं तो डोळे मिटून उभा राहायचा, आवाज ऐकायचा आणि एक बोट ठेवायचा. बिघाड तिथंच असायचा. मग बोलायचं कशाला?

माग बसवून तो गेला. दोन वर्षांनी परत आला. तिकडं बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं. मालकानं सल्लागार म्हणून ठेवून घेतला. हॉटेलात जीव रमेना, म्हणून आमच्या माडीवरच्या खोलीत आला. गल्लीतले म्हणाले, "परदेशी माणूस घरात ठेवताय, पोलिस येतील." आले की. कागदावर माझी सही घेऊन गेले, शांतानं केलेला चहा पिऊन गेले.

शांता म्हणजे माझी बायको. दुधनीची. तिकडच्या माणसांच्या तोंडात निम्मं कानडी. फिटर मराठी शिकला तो तिच्याकडून, त्यामुळे त्याची मराठी ऐकून दुकानदार आधी दचकायचा आणि मग हसायचा. ताटात तिसरी भाकरी पडली की हा ताटावर हात धरून, "साकु अक्का, लई झालं." साकु म्हणजे कानडीत पुरे. ती त्याला अण्णा म्हणायची, म्हणजे थोरला भाऊ. भाऊबीजेला पाटावर बसवून ओवाळायची. मांडी घालता यायची नाही त्याला, पाय एकीकडं लांब करून बसायचा. दुधनीचा माझा मेहुणा मला दाजी म्हणतो, ते ऐकून हाही मला दाजी म्हणायला लागला. मला पहिल्यांदा रागच आला. गोऱ्या माणसानं दाजी म्हणायचं म्हणजे काय! मग सवय झाली. मग दुसऱ्या कुणी फिटरची चेष्टा केली तर मला राग यायला लागला.

दर साली जानेवारीत त्याचं परमिट संपायचं. दिवाळी झाली की त्याची फाईल निघायची. कारखान्याचं पत्र, पासपोर्टची झेरॉक्स, पांढऱ्या पडद्यापुढचा नवा फोटो, आणि घरमालकाचा कागद, की हा माणूस माझ्या घरात राहतो. त्यावर सही माझी. माझी सही म्हणजे मागचं वळण पुढच्याला जुळत नाही. फिटर शेजारी बसून, जसं काही मशीनच जोडतोय, अशा नजरेनं माझ्या हाताकडं बघत राहायचा. पोलिसांच्या कचेरीत परदेशी लोकांचं टेबल वेगळं. अर्ज आता कॉम्प्युटरवर, तरी बोलावणं यायचंच. तिथं दिवस जायचा. शांता कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून द्यायची, आणि आम्ही दोघं बाकड्यावर बसून खायचो. तिथला साहेब एकदा चटणी मागून खाऊन बसला.

एका साली शांताही बरोबर आली. साहेबानं फिटरला विचारलं, "इथं राहायचं कारण काय?" दर वेळी ठरलेलं उत्तर असायचं, कारखान्यातलं काम. फिटरनं तोंड उघडायच्या आत हीच म्हणाली, "लिवा की, बहिणीकडं हाय."

साहेब म्हणाला, "मावशी, तसा रकाना नाही."

"मंग करा की एक. एवडा मोटा कागद हाय."

सगळं टेबल हसलं. फिटर हसला नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, "अक्का, तिकडं माझ्या गावात आता मला हाक मारणारं कोण न्हाय." ती म्हणाली, "हितं मी हाय की. घसा फुटंस्तवर मारते." आणि रिक्षावाल्याला हाक मारली.

नऊ वर्षं हे चाललं. नऊ वर्षांत त्याला एक दिवस उशीर झाला नाही. त्याला भीती असायची. आजारी पडायची भीती नाही, मरायची नाही, उशिराची. म्हणायचा, "दाजी, तुमचं घर विटांवर हाय. माझं घर शिक्क्यावर हाय."

मागच्या वर्षी जानेवारीत शांता गेली. संक्रांतीची, गड्ड्याची जत्रा चालू होती, पाळण्यांचा आवाज घरापर्यंत यायचा. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली, मी म्हणालो पित्त असेल. दुपारी तिला दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तिला उचलताना फिटर पायाकडं होता.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. दुधनीच्या मेहुण्यानं आंघोळ केली आणि पिशवी भरली. लग्न होऊन गेलेल्या बहिणीचं सुतक माहेरच्याला तीन दिवस, तशी आमच्याकडची रीत. जाता जाता फिटरकडं बघून मला म्हणाला, "दाजी, ह्यास्नीबी आता मोकळं करा. हे भाऊच की. तीन दिवस झाले."

मी म्हणालो, "ह्या छपराखाली जेवतोय तो. ह्याला माहेरचा हिशेब लागू न्हाय. तेराव्यापतूर बसंल."

कुणी मला असं बोलायला सांगितलं नव्हतं. भटजीनं नाही, भावकीनं नाही. मला एकट्याला बसायचं नव्हतं, एवढंच. पण तसं म्हणायची लाज वाटली, म्हणून रीत पुढं केली.

फिटर बसला. घोंगडीवर माझ्या शेजारी, भिंतीला टेकून. बिनफोडणीची आमटी खायचा. कारखान्याकडून फोन आला तर "सुतक हाय" म्हणून ठेवून द्यायचा. भेटायला येणारी माणसं आधी त्याच्याकडं बघायची आणि मग रडायची.

पाचव्या की सहाव्या दिवशी सकाळी तो माडीवरून कागद घेऊन आला. घरमालकाचा कागद. म्हणाला, "दाजी, एक सही. मंग मी जाऊन फोटो काढतो. लगेच येतो."

आधीच्या वर्षांत हे सगळं डिसेंबरातच होऊन जायचं. त्या साली कारखान्याचं पत्र उशिरा मिळालं होतं, ते मला माहीत होतं. पण त्या सकाळी माझ्या डोक्यात काहीच नव्हतं. मी त्याच्यावर ओरडलो.

"बहीण जळून चार दिस न्हाय झालं आन् तुला फोटू सुचतुया व्हय? सुतकात सही करत न्हाईत. दिवस झाल्यावर ये."

त्यानं कागदाची घडी घातली. म्हणाला, "बरं." परत बसला, पाय एकीकडं लांब करून. पुन्हा त्यानं कागदाचा क काढला नाही. त्या दिवसांत मी त्याला तारीखही विचारली नाही, आणि त्यानंही आपणहून सांगितली नाही.

दहाव्याला मी डोकं केलं, तर तोही न्हाव्यापुढं बसला. मी नको म्हणालो नाही. तेराव्याला जेवणं झाली. चौदाव्या दिवशी मी सही केली आणि आम्ही कचेरीत गेलो. मुदत संपून पाच दिवस झाले होते.

टेबलावर नवा साहेब होता, तरणा, बोलायला चांगला. पासपोर्टवरचा फोटो बघायचा, फिटरच्या गुळगुळीत डोक्याकडं बघायचा.

"केस का काढले?"

"माझी अक्का वारली."

"तुमची बहीण? इथं?"

"ह्यांची बायको."

साहेबानं माझ्याकडं बघितलं. मी सगळं सांगितलं, सुतक, सही, माझं ओरडणं, सगळं. त्यानं मध्ये तोडलं नाही. मग म्हणाला, "बाबा, मुदतीच्या एक दिवस आधी जरी अर्ज टाकला असता तरी मी काहीतरी केलं असतं. आता माझ्या हातात नाही. ह्यांना बाहेर जायची परवानगी मिळेल. परत यायचं तर तिकडून नवीन अर्ज."

मी म्हणालो, "तारीक मी चुकवली. ह्यानं न्हाय. जे काय करायचं ते मला करा."

तो म्हणाला, "तुम्ही इथलेच आहात बाबा. तुम्हाला कुठं पाठवू?"

बाहेर गाड्यावर चहा घेतला. मी विचारलं, "तुला तारीक ठावं हुती की?"

"व्हय."

"मंग बोलला का न्हाईस? एक डाव बोलून गप बसलास. दुसऱ्यांदा म्हणायचं हुतं, दाजी, मला घालवून देतील. मी काय दगड हाय का? केली असती की सही."

त्यानं चहा संपवून कप गाड्यावर ठेवला. मग म्हणाला, "व्हय, केली असती. पण मंग मी उठून गेलो असतो. उठून जातो तो भाडेकरू. तुमी मला घरचा म्हणून बसवलं. नऊ वर्षं कागदावर राहिलो दाजी. तेरा दिवस घरात राहिलो."

माझ्या तोंडात शिवी आली. त्याला नाही, कुणाला ते कळलं नाही. मी चहा सांडून टाकला.

जुना मालक असता तर तिकडून पुन्हा बोलावून घेतलं असतं. आता कारखाना पोराच्या हातात. तो म्हणाला, "काका, पासष्टीच्या पुढच्या माणसासाठी एवढी कागदपत्रं कोण करणार? मागाचं सगळं आता कॉम्प्युटरवर कळतं." जाताना फिटरनं कारखान्यात एक फेरी मारली, दोन मागांपुढं डोळे मिटून उभा राहिला, आणि मी रिटायर झाल्यावर माझ्या जागी आलेल्या जॉबरला सांगितलं, "ह्याचं बेअरिंग पंधरा दिवसांत जाईल." बाराव्या दिवशी गेलं.

स्टेशनवर मी एकटाच होतो पोचवायला. मुंबईची गाडी रात्री निघते, तिथून पुढं विमान. डब्यात सामान ठेवून तो परत खाली उतरला. मी ठरवून गेलो होतो की माफी मागायची. साठ वर्षांत मी कुणाची मागितली नाही, शांताचीही नाही, त्यामुळे कशी मागतात ते येईना. मी म्हणालो, "थंडी असंल तिकडं."

तो म्हणाला, "लई."

मग वाकून माझ्या पाया पडला. थोरल्या मेहुण्यानं दाजीच्या पाया पडायचं असतं का, ते मला ठाऊक नाही. मी त्याला वर उचलायला गेलो तर माझ्यानं उचलवेना. गाडीनं शिट्टी दिली तेव्हा तो आपणच उठला.

रविवारी त्याचा फोन येतो. गावाबाहेर म्हाताऱ्यांच्या घरात खोली मिळाली आहे. जेवण सहा वाजता देतात. त्याच्या मजल्यावर मराठी बोललेलं कुणाला कळत नाही हे उघडच आहे, पण तो म्हणतो की तिथली भाषाही आता त्याच्या तोंडी नीट येत नाही. दोघंही थोडं बोलतो, मग नुसता फोन धरून बसतो. परत यायचा अर्ज करतोस का, असं मी पहिल्या दोन महिन्यांत विचारायचो. आता विचारत नाही. परवा बोलता बोलता त्यानं मला दोनदा तेच सांगितलं, अक्काला फोन दे म्हणून. मी म्हणालो, भाकऱ्या करतीया.

तो गेल्यावर चौथ्या दिवशी पोलिस आला होता. परदेशी माणूस घर सोडून गेला, याचा कागद लागतो. भला माणूस, दारातच उभ्या उभ्या लिहायला लागला. नाव लिहिलं, देश लिहिला, गेल्याची तारीख लिहिली. मग म्हणाला, "तुमचं नातं?"

मी म्हणालो, "मेहुणा हाय माजा."

त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं, घरात कुणी आहे का तेही बघितलं. मग समजुतीनं म्हणाला, "घरमालक लिहितो, बाबा. नाहीतर परत तुम्हालाच हेलपाटा."

मी म्हणालो, "लिव."

त्यानं लिहिलं आणि पेन पुढं केलं. मी लगेच सही केली.