गाळकाकांनी मोकळी केलेली वाट

माझे सासरे सरळ चालत नाहीत. एक पाय रोवतात, कमरेतून डावीउजवीकडे थोडे डुलतात आणि मगच दुसरा पाय उचलतात. आमचं लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्यांचे गुडघे दुखत असतील. पुढे एकदा नदीवर जाऊन त्यांचं यंत्र पाहिलं आणि उलगडा झाला. नदीतला गाळ काढणारा त्यांचा ड्रेजर हुबेहूब तसाच चालतो. त्याला मागे दोन लोखंडी पाय आहेत. एक पाय तळात रोवायचा, त्याच्याभोवती झुलत झुलत पुढच्या फिरत्या कटरनं गाळ खरवडायचा, मग दुसरा पाय रोवून पहिला उचलायचा, की पडलं एक पाऊल पुढे. यंत्रानं त्यांची चाल उचलली की त्यांनी यंत्राची, हे मी कधी विचारलं नाही. त्यांना गाळाबद्दल प्रश्न विचारला की संध्याकाळचा स्वयंपाक राहतो.

धक्क्यावर आणि बाजारात त्यांना सगळे गाळकाका म्हणतात. माणसंसुद्धा ते गाळावरूनच ओळखतात. अमका वाळूचा, हात लावला की सुटतो. तमका चिखलाचा, दिसतो फार आणि निघतो थोडा. मला पहिल्यांदा भेटले तेव्हा दोन मिनिटं निरखून मुलाला म्हणाले, "चिकणमाती आहे. सांभाळ." मी घरी जाऊन रडले होते. ही त्यांच्याकडची सगळ्यात वरची पदवी आहे, हे कळायला मला वर्ष लागलं.

एवढी मोठी नदी मोकळी ठेवणारा हा माणूस घरातली मोरी तुंबली की मात्र खुर्ची ओढून बसतो. पाणी कुठे अडलं असेल, का अडलं असेल, मुळात मोरीचा उतार कसा चुकलाय, यावर भाषण चालू असतं, आणि सासूबाई पदर खोचून तारेनं मोरी मोकळी करत असतात. "झालं का तुमचं?" असं त्या विचारतात तेव्हा मोरी वाहत असते.

सासूबाई त्या ड्रेजरला 'थोरली' म्हणतात. "माझ्या आधीपासूनची आहे ना, म्हणून ती थोरली. मी आपली धाकटी." सासऱ्यांना हे मनातून फार आवडतं. चारचौघांत ते उगाच कपाळाला आठ्या घालतात, पण धक्क्यावर स्वतःच सांगतात, "आज थोरलीचं पोट बिघडलंय, पंपात लाकूड गेलं." सासूबाईंनी मात्र तिच्यावर कधी पाऊल ठेवलं नव्हतं. सवतीच्या घरी बोलावल्याशिवाय कशाला जायचं, असं त्यांचं म्हणणं, आणि बोलवायचं सासऱ्यांना कधी सुचलं नाही.

सासूबाईंची एकच बहीण. तिला सगळे ताई म्हणतात. ताई राहते नदीच्या वरच्या अंगाला, मोठ्या वळणापलीकडच्या गावात. पूर्वी तिथवर लाँच जायची. मग गाळ साचत गेला, लाँच बंद पडली आणि बहिणी फोनवर आल्या. रस्ता आहे, पण तो डोंगरातून इतका वळतो की सासूबाईंना बस नुसती दिसली तरी मळमळतं. एकदा जाऊन आल्या होत्या. त्यानंतर दोन दिवस अंथरुणात होत्या, आणि पुन्हा त्या रस्त्याचं नाव काढायचं नाही असं सांगून टाकलं.

अशात ताईच्या मुलानं ठरवलं की आईला आता कायमचं आपल्याकडे न्यायचं, आगगाडीनं दीड दिवस लागतो अशा शहरात. रविवारी दुपारी निघायचं पक्कं झालं. ताईचं वय बघता ती परत येणार नव्हती, आणि सासूबाई तिथवर जाणार नव्हत्या. म्हणजे रविवारी दुपारच्या आत भेट झाली तर झाली.

योगायोग असा, की लाँच पुन्हा सुरू करायची म्हणून त्या वळणाचाच गाळ काढायचं काम सासऱ्यांकडे आलं होतं. माझा नवरा म्हणाला, "बाबा, धोका नको. आपण गाडी करू. थांबत थांबत नेतो आईला."

सासरे ताडकन उठले. "माझी बायको ओकत जाणार? आणि मी इथे जन्मभर नदी उपसतोय ती कशाला? ती लाँचनं जाईल. खुर्चीत बसून, मांडीवर पिशवी घेऊन."

"होईल ना पण रविवारपर्यंत?" सासूबाईंनी विचारलं.

"शब्द दिला."

सासूबाईंनी गाडी नको म्हणून सांगितलं. नवऱ्याच्या कामावर त्यांचा विश्वास होता; मोरीचं तेवढं सोडून.

रविवारी सकाळी आम्ही दोघी लाँचमध्ये बसलो. सासूबाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती. पिशवीत ताईसाठी विणलेली शाल होती. लाँच बऱ्याच वर्षांनी चाललेली, त्यामुळे माणसं हौसेनं आली होती. सासरे पहाटेच पुढे गेले होते. वळणापलीकडे थोरलीच्या डेकवर उभं राहून ते बायकोला जाताना बघणार होते. तसं ते म्हणाले नव्हते, पण दाढी करून गेले होते.

लाँचनं वळण घेतलं, थोरली समोर दिसू लागली, आणि परातीतल्या पिठात वाटी बसावी तशी लाँच हळूच बसली. धक्का नाही, आवाज नाही. लाँच चालवणाऱ्या सारंगानं इंजिन मागे घेतलं, पुढे घेतलं. मागून दाट तपकिरी पाणी उकळून वर आलं. सारंगानं बांबू पाण्यात घातला, वर काढून बघितला आणि टोपी काढली.

"ताजा गाळ आहे," तो म्हणाला. "कालपरवाचा."

तिकडून सासरे छोट्या होडीतून वल्हवत आले. लाँचमधली मंडळी वाटच बघत होती. "गाळकाका, गाळ काढायला सांगितला होता, घालायला नाही!" एकजण ओरडला. दुसरा म्हणाला, "काका, आमची सोय केलीत, आता इथेच घरं बांधतो." एरवी अशा प्रत्येकाला सासऱ्यांनी धारेवर धरलं असतं. त्या दिवशी ते नुसते होडी लाँचला बांधत राहिले, आणि तेव्हाच मला कळलं, काहीतरी चुकलंय.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

सासऱ्यांनी होडीतूनच, मान खाली घालून सांगितलं. उपसलेला गाळ पाइपातून काठावरच्या बांधापलीकडे नेऊन टाकायचा, म्हणजे तो नदीत परत येत नाही. हा नियम त्यांनीच हाताखालच्या प्रत्येकाला घोकायला लावलेला. पण बांधापर्यंत पाइप जोडत बसलं असतं तर रविवार गाठता आला नसता. म्हणून त्यांनी पाइपाचं तोंड वळणाच्या आतल्या कोपऱ्यात सोडलं.

"तिथलं पाणी निजलेलं असतं," ते म्हणाले. "वाटलं, गाळ पडून राहील तिथेच."

"मग?"

"उठला."

एवढा गंभीर प्रसंग असूनही मला हसू आलं, ते मी पदराआड दाबलं. त्यांनी पुढची वाट मोकळी करता करता मागची बुजवली होती. थोरलीला वळवून, तिचे दोर नव्यानं बांधून ही वाट उघडायची, तर अख्खा दिवस जाणार. होडीनं काठाला लागावं, तर दोन्ही काठांना ओल्या गाळाचा पट्टा. माणूस कमरेपर्यंत आत जाईल. सासूबाई वळणापलीकडच्या झाडांकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते त्यांनी खाली पडू दिलं नाही. मला सासऱ्यांचा इतका राग आला, की त्या क्षणी कोणी त्यांना नदीत ढकललं असतं तर मी बघत राहिले असते.

"पाइप आता कुठवर आहे तुमचा?" सासूबाईंनी एकदम विचारलं.

"बांधापर्यंत. कोपरा भरला, मग शेवटच्या टप्प्याला नेला सरळ."

"त्याच्यावरून माणसं चालतात ना? तुम्हीच सांगता."

"आमची माणसं चालतात, अगं. पिंपांवर तरंगतोय तो. हलतो. फळी एवढीशी..."

"होडी धरा नीट," सासूबाई म्हणाल्या, आणि साडी सावरून होडीत उतरल्या. मागोमाग मीही.

अशा रीतीनं धाकटी पहिल्यांदा थोरलीच्या घरी गेली. डेकवर पाय ठेवल्या ठेवल्या त्यांनी गृहिणीच्या नजरेनं सगळीकडे पाहिलं. केबिनच्या दारात, यंत्राचे दांडे पुसायला, एक निळं फडकं लटकत होतं.

"ही माझी साडी! कधीची शोधतेय मी. आणि सुनेवर संशय घेतला!"

मला हे नवीनच होतं.

"ग्रीस छान निघतं तिच्यानं," सासरे पुटपुटले.

"नंतर बोलू," सासूबाई म्हणाल्या. घरात हे दोन शब्द उच्चारले गेले की सगळे पुरुष बाजारात जातात. इथे बाजार नव्हता.

मग आम्ही निघालो. मागच्या टोकाकडून निघालेला तो जाडजूड पाइप पिंपांवर तरंगत काठाकडे गेला होता, आणि त्याच्या कडेनं एका माणसापुरती फळी. सासरे पुढे, पाठमोरे न होता, सासूबाईंचे दोन्ही हात धरून उलटे चालत होते. सासूबाईंच्या मागे मी, पिशवी छातीशी धरून. पाऊल पडलं की पिंप बुडायचं आणि पुढचं वर यायचं. लाँचमधून आधी शिट्ट्या आल्या, मग त्या थांबल्या. चारचौघांत त्या दोघांना हातात हात घेतलेलं कोणीच पाहिलेलं नव्हतं, मीही नाही.

"पाय रोव," सासरे म्हणत होते. "आता थोडी डुल. आता दुसरा उचल."

आणि काय सांगू, सासूबाई अगदी त्यांच्यासारख्या चालू लागल्या.

काठाजवळ फळी संपली. बांधावर चढायला शेवटचा तुकडा चिखलातूनच होता. सासूबाईंनी चपला काढून सासऱ्यांच्या हातात दिल्या आणि गुडघ्यापर्यंतच्या गाळातून चालत गेल्या. पुढे गाव जवळच होतं.

ताईच्या दाराशी गाडी उभी होती. सामान वर बांधून झालं होतं आणि मुलगा घड्याळ बघत होता. ताई ओट्यावर बसली होती, काठी मांडीवर आडवी ठेवून. सासूबाईंना बघून ती उठली नाही. तिला उठताच आलं नसावं. नुसते हात पुढे केले. सासूबाईंनी ते घट्ट धरले. मी शाल काढून दिली, ती ताईनं गालाला लावली.

मग डोळे पुसून ताईनं विचारलं, "कशानं आलीस गं? बसनं?"

"छे! लाँचनं," सासूबाई म्हणाल्या. "ह्यांनी वाट मोकळी केली ना. खुर्चीत बसून आले, मांडीवर पिशवी घेऊन."

ताईनं बहिणीच्या पायांकडे पाहिलं. मग फाटकाशी दोन्ही हातांत बायकोच्या चपला धरून उभ्या असलेल्या मेहुण्यांकडे पाहिलं.

"लाँचमध्ये एवढा चिखल?"

"नवी वाट आहे, ताई. सुरुवातीला थोडा असायचाच."

सासऱ्यांनी चपला ओट्याच्या कडेला नीट जोडीनं ठेवल्या. अंगणातल्या नळाखाली बादली होती, ती भरून आणली आणि सासूबाईंच्या पायाशी खाली बसले.

"अहो, काय करताय?" सासूबाईंनी पाय मागे घेतला. "भाचा बघतोय. सून बघतेय."

"बघू दे," सासरे म्हणाले. "माझा गाळ आहे. मीच काढतो."

सासूबाईंनी पाय पुढे केला, आणि मान वळवून ताईशी बोलत राहिल्या.